टेस्टिंगचा निकाल आला, आता त्याचं काय करायचं?

लॅक्टोमीटर बुडवला म्हणून दूध घट्ट होत नाही. डिग्री कळते, एवढंच. ती बघून पुढे कोण काय करतं यावर दुधाचं भवितव्य ठरतं. सॉफ्टवेअर टेस्टिंगचंही तसंच आहे. दोनशे टेस्ट चालवल्या, हिरवे-लाल खूण केलेले तक्ते मेलवर पाठवले आणि कोणी काहीच केलं नाही, तर सॉफ्टवेअर काल होतं तसंच आज आहे. निकाल बघून कोणी दुरुस्ती केली, रिलीज थांबवलं, एखादा नियम बदलला किंवा जोखीम समजून घेऊन तसं लेखी मान्य केलं, तर गुणवत्तेत फरक पडतो. म्हणून टेस्टरचं काम निकाल काढून संपत नाही. निकाल असा मांडावा लागतो की त्यावरून दुसऱ्याला निर्णय घेता येईल.

हा लेख टेस्टिंगमध्ये नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात, दरपत्रकावरून दर लागतो, उत्पादकाला पावती मिळते आणि दहा दिवसांनी बिल निघतं. करवीर, कागल, राधानगरीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पुढे दिलेले दर मात्र फक्त हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत.

१. कोणती गुणवत्ता मोजायची ते आधी ठरवा

‘सॉफ्टवेअर चांगलं हवं’ या वाक्यावर टेस्ट लिहिता येत नाही. त्यासाठी आयएसओ/आयईसी २५०१० हे आंतरराष्ट्रीय मानक कामाला येतं. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत गुणवत्तेचे आठ पैलू आहेत: काम बरोबर करणं, वेग, इतर प्रणालींशी जुळणं, वापरायला सोपं असणं, भरवसा, सुरक्षितता, देखभालीची सोय आणि दुसऱ्या ठिकाणी हलवता येणं. २०२३ च्या आवृत्तीत ते नऊ झाले. आठ-नऊ पैलूंवर सारखाच वेळ घालवायला कोणाकडे माणसं नसतात. आपल्या कामात कुठे चुकलं तर सगळ्यात जास्त दुखेल, ते निवडायचं.

दूध संस्थेत हिशेबाची अचूकता पहिली. दुसरा भरवसा: नोंद अर्धी झाली आणि लाइट गेली, तर ती नोंद राहिली, गेली की दोनदा पडली? तिसरा वेग. सकाळी दोन तासांत १५० उत्पादक येत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात, आणि त्यातच काटा, मशीन आणि पावतीची छपाई बसवायची असते. सॉफ्टवेअरने त्यातले दहा सेकंद खाल्ले तर रांग दारापर्यंत जाते. चौथी सुरक्षितता, म्हणजे दरपत्रक कोण बदलू शकतो आणि बदल केल्याची नोंद राहते का. सुरुवातीला हे चार पुरे. प्रत्येक टेस्ट केससमोर (एका तपासणीची लेखी नोंद: काय द्यायचं, काय यायला हवं) ती या चारपैकी कशासाठी आहे ते लिहून ठेवा. पुढे निकाल वाचताना ‘सहा फेल’ ऐवजी ‘हिशेबाच्या चार, वेगाच्या दोन’ असं सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याला लगेच अंदाज येतो.

२. अपेक्षित उत्तर टेस्ट चालवण्याआधी लिहा, आणि ते बाहेरून आणा

नवख्या टेस्टरचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. आधी सॉफ्टवेअर चालवायचं, जे उत्तर येईल ते ‘अपेक्षित’च्या रकान्यात लिहायचं, आणि मग टेस्ट पास. अशी टेस्ट सॉफ्टवेअर कालच्यासारखंच वागतंय एवढंच सांगते. काल चुकत असेल तर आजची चूकही पास होते. अपेक्षित उत्तर दरपत्रकावरून, संस्थेच्या लेखी नियमावरून, कॅल्क्युलेटरने हातानं काढायचं.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. काही संस्था सीएलआर, म्हणजे लॅक्टोमीटरची दुरुस्त केलेली डिग्री, घेऊन एसएनएफ सूत्राने काढतात. भारतात वापरातल्या सूत्रांपैकी एक असं: सीएलआर भागिले ४, अधिक ०.२५ गुणिले फॅट, अधिक ०.४४. शेवटचे स्थिरांक सगळीकडे सारखे नसतात, म्हणून आपल्या संस्थेचं सूत्र लेखी मागून घ्या. आता सीएलआर २८.५ आणि फॅट ३.६ घेऊ. ७.१२५ अधिक ०.९ अधिक ०.४४, म्हणजे ८.४६५. दरपत्रकात एसएनएफ एका दशांशापर्यंतच असतं. जवळच्या अंकाला नेलं तर ८.५, पुढचे अंक नुसते कापले तर ८.४.

३.६ फॅट आणि ८.५ एसएनएफला लिटरमागे ३३ रुपये ३० पैसे, आणि ०.१ एसएनएफ कमी झालं की ५० पैसे कमी, असं धरू. साडेसात लिटर दुधाचे एका पद्धतीने २४९ रुपये ७५ पैसे होतात, दुसरीने २४६ रुपये. फरक ३ रुपये ७५ पैशांचा. रोज दोन वेळा असंच झालं तर दहा दिवसांच्या बिलात ७५ रुपये. बिल हातात पडल्यावर उत्पादक संस्थेत येऊन विचारणार, आणि सचिवाला उत्तर देता येणार नाही.

म्हणून टेस्टची आकडेवारी निवडताना मधले सरळ आकडे थोडे घ्या आणि कडेचे भरपूर. दरपत्रक ३.० ते ५.० फॅटचं असेल तर २.९, ३.०, ३.१ आणि ४.९, ५.०, ५.१ हे सहा आकडे आलेच पाहिजेत. २.९ ला सॉफ्टवेअरने दूध नाकारायचं, सर्वात खालचा दर लावायचा की सचिवाची परवानगी मागायची? याचं उत्तर कागदावर कुठेच सापडलं नाही तर तीच तुमची पहिली नोंद. एकही टेस्ट न चालवता मिळालेला हा दोष सगळ्यात स्वस्तात मिटतो, कारण अजून कोड लिहायचा आहे.

आणखी दोन जागा कधी सोडू नका. एक म्हणजे दशांश. संगणक नेहमीच्या पद्धतीने अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि ०.१ सारखे साधे आकडे त्यात तंतोतंत बसत नाहीत. ८.४५ हा आकडा आत साठवताना ८.४५ पेक्षा किंचित लहान होतो. अ‍ॅनालायझर मशीन दोन दशांश देत असेल आणि सॉफ्टवेअर तो आकडा तसाच गोल करत असेल, तर अपेक्षित ८.५ च्या जागी ८.४ येऊ शकतं. उपाय डेव्हलपरला माहीत असतो: पैसे पूर्णांक पैशांत ठेवायचे, फॅट-एसएनएफसाठी दशमान प्रकार वापरायचा. तुम्ही फक्त ८.३५, ८.४५, ८.५५ असे आकडे टेस्टमध्ये ठेवा.

दुसरी जागा एककांची. काटा किलो दाखवतो, दर लिटरचा असतो. दुधाची घनता साधारण १.०३ धरून किलोचे लिटर करतात. १० किलो दूध म्हणजे ९.७१ लिटर. हा भागाकार राहून गेला तर ३२३ रुपये ३४ पैशांऐवजी ३३३ रुपये जातात, आणि दोनदा झाला तर उत्पादक बुडतो. पावतीवर दोन्ही वेळा आकडा पटण्यासारखाच दिसतो, त्यामुळे नुसतं डोळ्यांनी बघून हा दोष सापडत नाही. एककांच्या गोंधळाने मोठमोठे प्रकल्प बुडाले आहेत. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि पुढची प्रणाली ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती.

३. निकाल लिहिताना पास-फेलवर थांबू नका

प्रत्यक्षात निकाल पाच प्रकारचे असतात. पास, फेल, अडकलेली, न चालवलेली आणि लहरी. अडकलेली म्हणजे चालवायची होती, पण दुसऱ्याच दोषामुळे चालवता आली नाही. उदाहरणार्थ बिलाचा स्क्रीनच उघडत नाही, म्हणून बिलातल्या कपातीच्या टेस्ट अडकल्या. लहरी म्हणजे कोडला हात न लावता कधी पास, कधी फेल.

लहरी टेस्ट ‘परत चालवली, झाली पास’ म्हणून सोडून देण्याची सवय फार पटकन लागते, आणि ती मोडायला हवी. संकलनाची सकाळ की संध्याकाळ हे सॉफ्टवेअर घड्याळावरून ठरवत असेल, तर सकाळी अकराला पास होणारी टेस्ट दुपारी एकला फेल होईल. इथे खोट टेस्टची, तिने वेळ स्वतः ठरवून द्यायला हवी होती. पण त्याच धाग्याने पुढे गेलं की खरा दोष हाती लागतो. गावातल्या जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, लाइट जाऊन आली की तारीख मागे जाते आणि सकाळचं संकलन कुठल्यातरी जुन्या बिलात जाऊन बसतं. सॉफ्टवेअरने शेवटच्या नोंदीपेक्षा जुनी तारीख दिसताच थांबून विचारलं पाहिजे. ही टेस्ट लिहायला पाच मिनिटं लागतात: संगणकाची तारीख महिनाभर मागे न्या आणि एक नोंद करा.

फेल झालेल्या टेस्टची नोंद कशी नसावी: ‘एसएनएफ चुकीचं दाखवतंय, लवकर बघा.’ कशी असावी:

बिल्ड २.४.१. गाय, सकाळ. सीएलआर २८.५, फॅट ३.६, ७.५ लिटर. अपेक्षित: एसएनएफ ८.५, दर ३३.३०, रक्कम २४९.७५ (दरपत्रक आणि लेखी सूत्राप्रमाणे). आलेलं: ८.४, ३२.८०, २४६.००. पाच वेळा केलं, पाचही वेळा हेच. सीएलआर २८.० ला बरोबर येतं. पावतीचा फोटो आणि लॉग सोबत.

यातली ‘२८.० ला बरोबर येतं’ ही ओळ डेव्हलपरचा सगळ्यात जास्त वेळ वाचवते. दोष कुठे आहे याइतकंच तो कुठे नाही हेही लिहा. बिल्ड नंबर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेमक्या आवृत्तीचा क्रमांक, विसरलात तर मात्र बाकी सगळी मेहनत वाया, कारण ‘माझ्याकडे तर बरोबर येतंय’ या उत्तराला तुमच्याकडे तोड राहत नाही.

४. फेल म्हणजे लगेच बग नव्हे

फेल टेस्टची कारणं चार ठिकाणी असतात: सॉफ्टवेअर, टेस्ट, टेस्टचा डेटा आणि ज्या यंत्रणेवर चालवलं ती. हाच क्रम उलटा धरून तपासा, शेवटून सुरुवात करा. प्रिंटरची केबल सैल आहे का, दरपत्रक गेल्या महिन्याचं लोड झालंय का, टेस्टमधला अपेक्षित आकडा जुन्या दराचा आहे का? दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता बग टाकत राहिलात तर महिन्याभरात डेव्हलपर तुमच्या नोंदी उघडेनासे होतात, आणि मग खरा बगही पडून राहतो.

बग पक्का झाला की त्याची तीव्रता आणि निकड वेगवेगळी ठरवायची. तीव्रता टेस्टर सांगतो, निकड धंदा बघणारा. दिवाळीला उत्पादकांना द्यायच्या दरफरकाचा अहवाल काढताना सॉफ्टवेअर बंद पडतं, ही तीव्रता मोठी; पण महिना फेब्रुवारीचा असेल तर निकड कमी. पावतीच्या माथ्यावर संस्थेच्या नावात काना राहिलाय, ही तीव्रता नगण्य. पण पावत्या उद्या सकाळपासून छापायच्या असतील तर निकड पहिली. दोन्हींसाठी एकच रकाना ठेवला की सगळेच बग ‘अर्जंट’ होतात आणि खरं अर्जंट कुठलं ते कोणालाच सांगता येत नाही.

५. दुरुस्तीनंतर दोन वेगळ्या टेस्ट, आणि एक प्रश्न

आधी तोच बग, त्याच आकड्यांनी, नव्या बिल्डवर तपासा. मग रिग्रेशन, म्हणजे दुरुस्तीच्या नादात दुसरीकडे काही मोडलं का ते बघणं. एसएनएफ गोल करण्याचा कोड बदलला असेल तर म्हशीचं दूध, सरासरी फॅटचा अहवाल, बिलातली एकूण बेरीज आणि मागच्या बिलाची नक्कल या सगळ्यांना हात लावून बघायचा. फेल झालेली प्रत्येक टेस्ट रिग्रेशनच्या यादीत कायमची घाला. आपोआप चालणारी असेल तर उत्तम. नसेल तर वहीत का होईना.

प्रश्न असा: हा दोष आत शिरला कुठून? वरच्या उदाहरणात डेव्हलपरने चूक केली असं म्हणून मोकळं होता येतं, पण ‘एसएनएफ गोल करायचं की कापायचं’ हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग नुसता कोड दुरुस्त करून भागत नाही. गरजा लिहून घेताना विचारायच्या यादीत ‘प्रत्येक आकड्याचे दशांश किती, आणि पुढचे अंक कसे हाताळायचे’ ही ओळ वाढवायची. पुढच्या संस्थेसाठी काम घेताना तो दोष जन्मालाच येत नाही. टेस्टिंगच्या निकालातून गुणवत्ता सगळ्यात जास्त कुठे वाढत असेल तर इथे, आणि घाईत सगळ्यात आधी गाळली जाते तीही हीच पायरी. सगळ्या बगांचं मूळ शोधायला वेळ नसतो. पैशांशी संबंधित बगांचं तरी शोधा.

दोष एकटे राहत नाहीत. ज्या भागात तीन सापडले तिथे चौथा असण्याची शक्यता, जिथे एकही सापडला नाही त्या भागापेक्षा जास्त. पुढच्या फेरीचा वेळ वाटताना हे लक्षात ठेवा.

६. आकडे काढा, पण आकड्यांनी फसू नका

समजा २०० टेस्ट केस आहेत. १८८ पास, ६ फेल, ४ अडकलेल्या, २ न चालवलेल्या. पास किती? २०० पैकी १८८ धरले तर ९४ टक्के. अडकलेल्या आणि न चालवलेल्या वगळून १९४ पैकी धरले तर ९६.९ टक्के. दुसरा आकडा बैठकीत छान दिसतो. पण त्या चार अडकलेल्या टेस्ट बँकेत बिल जमा करण्याच्या असतील, तर सगळ्यात नाजूक भागाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, आणि टक्केवारी मात्र वाढली. म्हणून टक्केवारीसोबत पाचही प्रकारांचे मूळ आकडे नेहमी द्या, आणि अडकलेल्या कुठल्या ते नावानिशी सांगा.

दोष पकडण्याची क्षमता मोजायला एक सोपा हिशेब आहे. रिलीजपूर्वी सापडलेले दोष, भागिले रिलीजपूर्वीचे अधिक नंतर ठरावीक काळात सापडलेले, गुणिले १००. आधी ४५ सापडले आणि नंतरच्या ९० दिवसांत ५, तर क्षमता ९० टक्के. हा आकडा एका रिलीजचा पाहण्यात अर्थ नाही; चार-पाच रिलीजमध्ये तो कुठे चाललाय ते बघा. तोही पूर्ण विश्वासाचा नाही, कारण वापरच झाला नाही तर नंतर दोष कसे सापडणार?

कोड कव्हरेज, म्हणजे टेस्टमधून कोडच्या किती ओळी चालल्या, हाही असाच आकडा. ओळ चालली याचा अर्थ ती तपासली गेली असा होत नाही. टेस्टने रक्कम काढून घेतली आणि ती कशाशीच ताडून बघितली नाही, तरी कव्हरेज वाढतं. पारख करायची असेल तर डेव्हलपरला विनंती करा: चाचणीच्या प्रतीत दराच्या सूत्रात एका अधिक चिन्हाच्या जागी वजा चिन्ह टाकून दे. सगळ्या टेस्ट चालवा. एकही फेल झाली नाही, तर त्या टेस्ट त्या सूत्राचं उत्तर तपासतच नाहीत.

टेस्टरची कामगिरी बगांच्या संख्येवरून ठरवू नये, हे कंपनी चालवणाऱ्यांसाठी. ठरवलीत तर एकाच दोषाच्या पाच नोंदी येतील.

७. रिलीजचा निर्णय एका पानावर

निर्णय घेणाऱ्याला दोनशे ओळींचा तक्ता देऊ नका. एक पान: काय तपासलं, काय तपासता आलं नाही, उघडे दोष कोणते, त्यांचा उत्पादकाला किंवा संस्थेला काय त्रास होईल, आणि चुकलं तर मागे कसं फिरायचं. थांबायची अटही टेस्टिंग सुरू होण्याआधीच ठरलेली असावी. शेवटच्या दिवशी ठरवलेली अट त्या दिवशीच्या निकालाला बेतून शिवली जाते. दूध संस्थेसाठी अशा अटी चालतील: पैशांच्या सगळ्या टेस्ट चालवलेल्या आणि एकही दोष उघडा नाही, बॅकअप घेऊन दुसऱ्या संगणकावर परत उभा करून दाखवलेला, नोंद चालू असताना वीज बंद करून केलेल्या टेस्टमध्ये एकही नोंद हरवलेली किंवा दुहेरी नाही.

शेवटची टेस्ट कागदावर करू नका, खरोखर स्विच बंद करा. लॅपटॉपवर ती खोटी पास होते, कारण बॅटरी असते.

नवी आवृत्ती बसवायची वेळही निकालाइतकीच महत्त्वाची. बिलाचे दहा दिवस १, ११ आणि २१ तारखेला सुरू होत असतील तर त्याच दिवशी सुरू करा. मध्येच बसवली तर एका बिलात दोन आवृत्त्यांचे हिशेब मिसळतात आणि फरक कशामुळे आला ते कळत नाही. पहिले दहा दिवस जुनी पद्धत आणि नवं सॉफ्टवेअर सोबत चालवा. शेवटी एकूण बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, एकाचे दोन रुपये कमी आणि दुसऱ्याचे दोन जास्त असले तरी बेरीज जुळते. उत्पादकनिहाय ओळी ताडून बघा.

८. रिलीजनंतर आलेली तक्रार हाही निकालच

सचिवाचा फोन येतो: ‘कालचं दूध दोनदा पडलंय.’ फोनवर माफी मागून नोंद खोडून देणं सोपं. त्याआधी विचारा: नेट कधी गेलं होतं, परत कधी आलं, नोंद कुणी पुन्हा केली का? पावसाळ्यात पंचगंगेला पूर येतो, रस्ते बंद होतात, काही गावांत नेट दिवसदिवसभर नसतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूरसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्याने ही परिस्थिती अपवाद म्हणून धरू नये. नेटशिवाय झालेल्या नोंदी नंतर सर्व्हरवर जाताना अर्ध्यात तुटल्या आणि पुन्हा पाठवल्या गेल्या, तर प्रत्येक नोंदीला स्वतःचा वेगळा क्रमांक असल्याशिवाय दुहेरी पडणारच. तक्रारीवरून नेमकी टेस्ट बांधा: ५० नोंदी नेटशिवाय करा, पाठवणं सुरू करा, विसाव्या नोंदीच्या आसपास नेट तोडा, परत जोडा. सर्व्हरवर ५० च दिसल्या पाहिजेत.

अशा टेस्टसाठी संस्थेचा खरा डेटा मागण्याचा मोह होतो, आणि खरा डेटा उपयोगी असतोच. बनवलेल्या डेटात एकाच आडनावाची चाळीस घरं आणि तीन खाती असलेला एक उत्पादक कधी येत नाही. मागा, पण टेस्टच्या संगणकावर घेण्याआधी नावं, मोबाइल आणि बँक खाते क्रमांक बदलून घ्या. वजन, फॅट, एसएनएफ, तारीख आणि वेळ तशीच राहू द्या. नाव बदलताना एका उत्पादकाला सगळीकडे एकच बदली नाव मिळेल असं बघा, नाहीतर त्याच्या तीन खात्यांचा संबंध तुटतो आणि ज्या दोषासाठी डेटा मागवला तोच त्यात दिसत नाही.